कुलूपबाईंचा ‘ता.’

देशात घरांचं खातं निघालं, त्या दिवशी कुलूपबाईंनी वर्तमानपत्राची चांगली जाडजूड घडी घातली आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. पहिल्या पानावर मंत्र्यांचा हसरा फोटो होता. तो बरोबर पायाखाली येईल, एवढं मात्र त्यांनी पाहिलं.

तोवर सरकारदरबारी घर नावाच्या वस्तूला वाली नव्हता. नळ एका कार्यालयाकडे, गटार दुसऱ्याकडे, रस्ता तिसऱ्याकडे, घरमालक-भाडेकरूंची भांडणं चौथ्याकडे, आणि कुठल्या घरात कोण राहतं, कधीपासून राहतं, याची नोंद पाचव्याकडे. हे पाचवं म्हणजे वस्ती नोंद कार्यालय. पत्र्याच्या जुन्या गोदामात चौऱ्याऐंशी रजिस्टरं, एक शिपाई आणि कुलूपबाई, असा त्याचा सगळा संसार. आता हुकूम निघाला होता की ही पाचही कार्यालयं मोडून सबंध देशाचा एकच गृहनिर्माण व नगरविकास विभाग करायचा. त्याला स्वतःचा मंत्री, स्वतःचा सचिव, स्वतःची इमारत. हुकुमाच्या सातव्या कलमात लिहिलं होतं, की जुनं दप्तर साठ दिवसांत ‘आहे त्या स्थितीत’ नव्या विभागाच्या हवाली करावं.

“पाच जावांना एका चुलीवर बसवताहेत,” बाई शिपायाला म्हणाल्या. “आता बघत राहा, कोण कुणाचं दूध उतू घालवतं ते.”

शिपाई हसला नाही. बाईंच्या विनोदाला हसलं तरी त्या रागावत, न हसलं तरी रागावत. मग तोंडाला कशाला श्रम द्या, असा त्याचा हिशेब होता.

कुलूपबाई हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण ठेवणाऱ्यानं विचार करून ठेवलं होतं. दप्तरखान्याची किल्ली त्यांच्या कमरेला असे आणि ती सहजासहजी सुटत नसे. घराचा दाखला मागायला आलेल्या माणसाला त्या आधी घर क्रमांक विचारत, मग कारण विचारत, मग साहेबांचं पत्र मागत, आणि हे सगळं घेऊन तो आला की म्हणत, “उद्या या.” नाकाच्या शेंड्यावर राग आणि जिभेवर नियम. वय सत्तावन्न, निवृत्तीला आठ महिने, राहायला सरकारी वसाहतीतली एक खोली. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला होता, मूल नव्हतं. बाईंना कुणी जीव लावला असेल तर त्या चौऱ्याऐंशी रजिस्टरांनी, आणि तोही त्यांना दुसरा मार्ग नव्हता म्हणून.

मात्र रजिस्टरं त्यांची होती हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. तेविसाव्या वर्षी नोकरीला लागल्या तेव्हा एका हातात डांबराचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश आणि काखेत रजिस्टर घेऊन त्यांनी अर्धं शहर पायाखाली घातलं होतं. दारावर डांबरानं नंबर घालायचा, आत किती माणसं ते विचारायचं, छप्पर कशाचं ते बघायचं आणि शेवटच्या रकान्यात हक्क लिहायचा. दहा वर्षांहून जास्त राहणारा आणि तसा पुरावा दाखवणारा असेल तर लिहायचं ‘ताबा कायम’. म्हणजे त्या माणसाला दुसरं घर दिल्याशिवाय तिथून हलवता येणार नाही. पुरावा नसेल तर रकाना कोरा सोडायचा.

आता हा रकाना होता अंगठ्याएवढा. त्यात ‘ताबा कायम’ बसायला तयार नव्हतं, आणि लिहायचं होतं अकरा हजार वेळा. पहिल्याच आठवड्यात बाईंनी त्याचं ‘ता.’ करून टाकलं. त्या वेळचे साहेब म्हणाले, “हरकत नाही, पण पहिल्या पानावर खुलासा लिहा, ता. म्हणजे काय ते.” बाई म्हणाल्या, “लिहिते.”

चौतीस वर्षं झाली, त्या लिहितच होत्या. आधी वेळ नव्हता म्हणून राहिलं, मग कुणी मागितलं नाही म्हणून राहिलं. आणि पुढे त्यांच्या लक्षात आलं की खुलासा जोवर आपल्या तोंडात आहे, तोवर आपल्याला कुणाचा बाप हलवू शकत नाही. तीन साहेबांनी त्यांची बदली करून पाहिली. तिघांनीही महिन्याच्या आत हात जोडून परत बोलावलं, कारण रजिस्टर उघडल्यावर कुणाला काही कळत नव्हतं. छपराच्या रकान्यात ‘प.’ म्हणजे पत्रा की पक्कं? माणसांच्या रकान्यात आकड्यावर टिंब कशाला? बाईंना विचारा. बाई सांगत, पण नाक मुरडून आणि अर्धंच.

नव्या इमारतीत पाच कार्यालयं शिरली आणि पहिल्या दिवसापासून जुंपली. गटारवाल्यांनी खिडक्या पटकावल्या. नळवाल्यांनी पंखे पळवले. रस्तेवाल्यांनी रात्रीत पार्टिशन सरकवून भाडेवाल्यांची दीड फूट जागा खाल्ली, तर भाडेवाल्यांनी त्यावर रीतसर तक्रार नोंदवली आणि ती ऐकायला कुणी नसल्यामुळे स्वतःच तिची सुनावणी ठेवली. देशातल्या लोकांना घरं देणार होते हे! यांना स्वतःला बसायला खुर्ची मिळेना. बाहेर पाटी रंगवणाऱ्या पेंटरनं विभागाचं नाव मोठ्या झोकात सुरू केलं, पण भिंतच पुरेना. शेवटी त्यानं सगळं पुसून ‘गृ. नि. व न. वि. विभाग’ एवढंच लिहिलं आणि तो निघून गेला. बाईंना तळघर मिळालं. तिथे पंखा नव्हता, खिडकी नव्हती, पण दाराला कडीकोयंडा होता. त्यांनी आपलं कुलूप लावलं.

विभागाचा खरा कारभारी सचिव नव्हता. सचिवसाहेब साठीला टेकलेले, सही करताना चष्मा शोधणारे गृहस्थ. कारभार सल्लागाराच्या हातात होता. हा परदेशात शहरं शिकून आला होता. आपल्या शहरातल्या दोन गल्ल्या त्यानं पायी पाहिल्या असतील तर शपथ, पण बोलू लागला की चार तास थांबत नसे. त्यानं आल्याआल्या बाईंना ‘मॅडम’ म्हटलं. चौतीस वर्षं ‘बाई’ ऐकलेल्या कानांना ते शिवीसारखं लागलं.

त्यानं सात मुली बसवून चौऱ्याऐंशी रजिस्टरं एकोणीस दिवसांत संगणकात घातली. त्यातली एक मुलगी भीतभीत तळघरात आली होती.

“बाई, हे ता. म्हणजे काय लिहायचं?”

“तुमच्या साहेबांना सांगा, लेखी विचारा. तोंडी खुलासा देण्याची पद्धत नाही.”

मुलगी वर गेली. सल्लागारानं लेखी विचारलं नाही. तो म्हणाला, झोपडपट्टीच्या नोंदीत ता. म्हणजे दुसरं काय असणार, ‘तात्पुरते’. मुलींनी बटण दाबलं आणि एका दुपारी अकरा हजार घरं तात्पुरती झाली. ज्यांचा हक्क सगळ्यांत पक्का, तेच सगळ्यांत आधी उठवायचे ठरले. विभाग स्थापन होऊन जेमतेम तीन महिने झाले होते, आणि काम तर दाखवायचं होतं. पहिली योजना म्हणून लाकडाच्या वखारीमागची ओळ निवडली गेली. तीनशे सोळा घरं, सगळी ‘तात्पुरती’, जागा मोक्याची. तीस दिवसांत खाली करा, अशा नोटिसा निघाल्या.

नोटिसांमागून यादी शिक्क्यासाठी तळघरात आली तेव्हा बाईंनी ती वरून खालपर्यंत वाचली. काय घोळ झालाय ते त्यांना पहिल्या ओळीतच कळलं. आणि लाज वाटावी अशी गोष्ट, पण सांगितलीच पाहिजे, त्यांना आधी बरं वाटलं. घ्या म्हणावं. शिका परदेशात. त्यांनी शिक्का न मारता यादी बाजूला ठेवली आणि कुणी विचारायला येतंय का याची वाट पाहत बसल्या. दोन दिवस कुणी आलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी यादी पुन्हा हातात घेतली आणि नजर एकशे सतरावर थांबली. घर क्रमांक ११७. तो नंबर त्यांनीच डांबरानं घातला होता, आणि घालताना एकाची शेपटी जरा ओघळली होती. कारण आई मागून म्हणत होती, “सरळ लिही गं, आपल्याच दारावर आहे.” त्या घरात बाई जन्मल्या होत्या. आता तिथे त्यांचा धाकटा भाऊ राहत होता. वखारीच्या करवतींना धार लावायचं काम करतो म्हणून सगळी ओळ त्याला धारवाला म्हणे. धार त्याच्या तोंडालाही होती. बहीणभावाचं बोलणं बंद होऊन चौदा वर्षं झाली होती.

त्याची हकीकत अशी. आई आजारी पडली तेव्हा दप्तरखान्यात वर्षाची पडताळणी चालू होती. धाकट्यानं तीनदा निरोप पाठवला. दार आतून बंद होतं आणि ठोठावायची शिपायाची हिंमत झाली नाही. बाई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. भरल्या घरात धाकटा ओरडला, “आल्या बघा, सरकारी नोंद घ्यायला! लिहून घ्या, बाई, एक माणूस कमी.” इथवर एखाद्यानं सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी खरोखरच रजिस्टर काढलं, ११७ समोरचा पाच खोडला आणि चार लिहिला. आठ दिवसांत नोंद करायची असा नियमच होता. त्यांना दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं, हात चालू ठेवायला काहीतरी हवं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शिपायानं मात्र खोडल्याचं धाकट्याला सांगितलं. त्या दिवसापासून धाकट्यानं बहिणीला ‘तू’ म्हणणं सोडलं. रस्त्यात गाठ पडली तर ‘तुम्ही’ म्हणे, आणि ते ऐकणाऱ्यालाही थंडी वाजे.

बाई यादी घेऊन जिना चढल्या. लिफ्ट बंद होती.

“ता. म्हणजे ताबा कायम,” त्या सल्लागाराला म्हणाल्या. “तात्पुरते नाही. तुमची यादी उलटी आहे.”

सल्लागारानं त्यांना बसायला सांगितलं नाही. “हे कुठे लिहिलंय, मॅडम?”

“लिहिलेलं नाही.”

“मग कशावरून?”

“मी लिहिलंय म्हणून. ता. माझा आहे.”

“म्हणजे सरकारी दप्तराचा अर्थ तुमच्या डोक्यात आहे.” तो खूश झाला होता. “म्हणूनच या विभागात यापुढे संक्षेप बंद. प्रत्येक शब्द पूर्ण. टिंब दिसलं की खुलासा मागायचा.”

“बाहेर पाटीवर चार टिंबं आहेत, साहेब. त्यांचा खुलासा कुणाकडे मागायचा?”

मागे बसलेल्या मुलींपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. सल्लागाराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं संगणकात काहीतरी बघितलं आणि हळूच विचारलं, “या ओळीत तुमचं कुणी राहतं का? तुमच्या सेवापुस्तकात जन्माचं घर ११७ लिहिलंय.”

“भाऊ राहतो.”

“मग मिटलंच,” तो म्हणाला. “भावाचं घर वाचवायला बहीण अर्थ बदलून सांगतेय. हितसंबंध. तुमची साक्ष चालणार नाही.”

“माझं त्याच्याशी चौदा वर्षं बोलणं नाही!”

“हे तरी कुठे लिहिलंय?”

बाईंनी यादीची घडी घातली. त्या तशाच सचिवसाहेबांच्या दालनात घुसल्या, तिथे बराच वेळ वाजल्या, आणि साहेबांनी डोकं दुखायला लागल्यामुळे दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुनावणी ठेवली. बाईंचा भावाशी संबंध नाही असं सिद्ध झालं, तर त्यांचा खुलासा ग्राह्य धरायचा. नाहीतर नोटिसा कायम. तीनशे सोळा घरं आता एका भांडणावर उभी होती, आणि ते भांडण खरं आहे हे सांगू शकणारा माणूस एकच होता.

वखारीमागच्या ओळीत बाई चौदा वर्षांनी शिरल्या. अरुंद रस्ता, दोन्हीकडे पाठीला पाठ लावलेली घरं, दारादारावर त्यांच्याच हातचे डांबरी आकडे. काही घरांनी वर रंग दिला होता, पण नंबर सोडून. लोकांनी तो जपला होता. बाईंना ते बघवेना. कारण हे लोक चौतीस वर्षं ज्याच्या भरवशावर निवांत झोपले, तो भरवसा त्यांनी पहिल्या पानावर दोन ओळी लिहून पक्का केला नव्हता. त्यांना स्वतःची चीड आली, अगदी थोबाडीत मारून घ्यावी इतकी.

“याच त्या रजिस्टरवाल्या!” कुणीतरी ओरडलं. एका बाईनं नोटिशीचा चुरगळलेला गोळा त्यांच्या पाठीवर मारला. बाई वळल्या नाहीत.

धारवाला दारापुढे बाकड्यावर करवत आवळून कानशीनं दाते घासत होता. त्यानं मान वर केली नाही.

“वाट चुकलात वाटतं, बाई.”

“काम आहे.”

“इथं आता काही खोडायचं राहिलेलं नाही. तीस दिवसांनी सगळंच खोडणार आहात म्हणे.”

दारात भावजय येऊन उभी राहिली. तिनं या म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: ता. कसा लिहिला, खुलासा कसा राहिला, सल्लागारानं काय अर्थ लावला. आपली चूक त्यांनी लपवली नाही. कानशीचा आवाज मध्येच थांबला.

“म्हणजे चौतीस वर्षं तुम्ही दोन ओळी लिहिल्या नाहीत,” धाकटा म्हणाला. “स्वतःचा तोरा राहावा म्हणून.”

“हो.”

“आणि आता मी येऊन काय करू?”

“आपलं वैर आहे, असं सांगायचं. चारचौघांत. लिहून द्यायचं.”

तो हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. “ते मी रोज फुकट सांगतो. पण तुमच्यासाठी येणार नाही मी.”

“माझ्यासाठी येऊच नका. माझ्यासाठी आलात तर उपयोग नाही. रागानं या.”

“ते सांगायला नको,” असं म्हणून त्यानं कानशी पुन्हा चालू केली. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. भावजयीनं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अकराला दहा मिनिटं असताना तो आला. अंगावर धुतलेला शर्ट, पण बोटांत लोखंडाची पूड तशीच. सचिवसाहेब मधे, सल्लागार उजवीकडे, कोपऱ्यात टंकलेखक. बाई भिंतीजवळ उभ्या. सल्लागारानं टंकलेखकाला बजावलं, “तोंडातून निघेल तसंच लिहायचं. शब्द गाळायचा नाही, घालायचा नाही.”

मग धारवाल्यानं तोंड उघडलं, आणि चौदा वर्षांचं सगळं बाहेर आलं. आई गादीवर तडफडत होती तेव्हा या बाई कुलूप लावून बसल्या होत्या. तीन निरोप गेले. आमच्या डोळ्यांचं पाणी खळलं नव्हतं, तर दुसऱ्या दिवशी यांनी तिला खोडलं. लाल शाईनं. पाचाचे चार केले, आकडा वळणदार काढला. त्या दिवसापासून आमच्या घरात यांचं नाव निघत नाही. माझ्या मुलांना यांचं तोंड माहीत नाही. मेलो तरी यांना कळवायचं नाही असं मी बायकोला सांगून ठेवलंय. तो काही अभिनय करत नव्हता. एकेक वाक्य खरं होतं, आणि बाईंना ते भिंतीला टेकून ऐकावं लागत होतं. त्यांनी मान खाली घातली नाही. घातली असती तर सल्लागारानं तेही लिहून घेतलं असतं.

सचिवसाहेबांनी चष्मा काढून पुसला. सल्लागार मात्र हट्टाला पेटला होता.

“एवढं वैर आहे, तर मग यांचा खुलासा खरा आहे असं तुम्ही कसं म्हणता? अर्थ बदलला नसेल कशावरून?”

“कशावरून?” धारवाला टेबलावर वाकला. “अहो, जिनं जन्मदात्या आईसाठी एक आकडा आठ दिवस थांबवला नाही, ती माझ्यासारख्या भिकारड्या भावासाठी अक्षर बदलेल? या बाईंना माया नाही, साहेब. पण खोटी नोंद यांच्या हातून होणार नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो.”

“दारावर नंबर घातला तेव्हा तुम्ही तिथे होता?”

“होतो की. चौदा वर्षांचा होतो. पुरावा म्हणून आईनं पेटीतून कागद काढून दिले, ते बघून शेवटचा रकाना भरला. ताबा कायम, असं मोठ्यानं वाचूनही दाखवलं. आई किती दिवस तेच घोकत होती. नंबर घालताना ब्रश ता...”

तो थांबला.

“ब्रश या बाईंच्या हातात होता,” तो म्हणाला.

सचिवसाहेबांना कंटाळा आला होता, शिवाय पटलंही होतं. “पुरे. जबाब छापा, सही घ्या, मी नोटिसा मागे घेतो.” सल्लागारानं पडती बाजू बघून शेवटी एक कलम घालून घेतलं: या दोघांत बोलणंचालणं किंवा येणंजाणं असल्याचं पुढे केव्हाही आढळल्यास हा जबाब आणि त्यावरचा निर्णय रद्द समजावा. दोघांनी मान डोलावली. दोघांनाही त्यात अवघड असं काही दिसलं नाही.

टंकलेखकानं कागद ओढून दिला. सल्लागार वाचत गेला आणि खालच्या परिच्छेदावर त्याचं बोट थांबलं.

“‘नंबर घालताना ब्रश ता. ब्रश या बाईंच्या हातात होता.’ हे ता. काय आहे?”

“बोलले तसं घेतलंय, साहेब,” टंकलेखक म्हणाला. “तुम्हीच म्हणालात.”

“तेच विचारतोय. काय म्हणत होतात तुम्ही? ता म्हणजे काय?”

धारवाल्याचा चेहरा उतरला. तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. इतका वेळ धबधब्यासारखा बोलणारा माणूस, पण आता त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. सल्लागार हळूहळू पुढे वाकला. त्याला घरी बहीण असावी, किंवा निदान कान तरी असावेत, कारण त्याच्या डोळ्यांत उजेड पडायला लागला होता.

कुलूपबाई भिंत सोडून पुढे आल्या.

“तारीख,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता. “ता. म्हणजे तारीख, साहेब. शाळेतल्या पोराला विचारा. ते नंबर घातल्याची तारीख सांगत होते, आठवली नाही म्हणून थांबले. मला आठवते. द्या इकडे.”

त्यांनी कागद सल्लागाराच्या बोटाखालून ओढून घेतला, कमरेची किल्ली बाजूला सारून पेन काढलं आणि ‘ता.’च्या पुढे लहान, वळणदार अक्षरात लिहिलं: नऊ मार्च. पुढे वर्ष घातलं. बाजूला आपली आद्याक्षरं केली.

चौतीस वर्षांत कुलूपबाईंच्या हातून झालेली ती पहिली खोटी नोंद.

धारवाल्यानं कागद जवळ घेतला. तो अक्षराकडे बराच वेळ बघत राहिला.

“तारीख खरी आहे ना, बाई?” त्यानं विचारलं.

“तारीख खरी आहे.”

त्यानं सही केली. बोटाची काळी पूड कागदाला लागली. बाईंकडे न बघता तो जिना उतरून गेला. सचिवसाहेबांनी त्याच दिवशी तीनशे सोळा नोटिसा मागे घेतल्या. चौऱ्याऐंशी रजिस्टरांच्या पहिल्या पानावर खुलासा लिहायचा हुकूम झाला आणि बाईंनी तो एका बैठकीत लिहून टाकला: ता. म्हणजे ताबा कायम. सल्लागार हे विसरला नाही. अशी माणसं विसरत नाहीत. तो अजूनही महिन्यातून एकदा गाडी वखारीशी उभी करून ओळीतून चक्कर मारतो, आणि ११७ पाशी उगाच बुटाची नाडी बांधतो.

पुढे चार-पाच महिन्यांनी बाई निवृत्त झाल्या आणि वसाहतीतली खोली त्यांना सोडावी लागली. ११७ मध्ये आईची आतली खोली रिकामी असते, असं शिपायानं एकदा सांगितलं. ती रोज झाडून ठेवलेली असते, असंही सांगितलं. कोण झाडतं ते बाईंनी विचारलं नाही. त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला जिन्याखालची खोली भाड्यानं घेतली. कधी बाजारात भाऊ समोरून आला तर दोघं मान फिरवतात, तो तर लांबूनच रस्ता ओलांडतो. लोक म्हणतात, काय हा दुष्टावा, या वयात तरी मिटवायचं. पण आता ते भांडण मिटवलं तर तीनशे सोळा घरं पडतील.